बायोसमध्ये काय हलवायचं आणि काय नाही: वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि मेलमध्ये बायोसचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला छोटा प्रोग्राम जो विंडोजच्या आधी जागा होतो, आताच्या मशीनमध्ये खरं तर यूईएफआय असतं पण दुकानदारापासून यूट्यूबवाल्यापर्यंत सगळे बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू. आत जायला मशीन चालू केल्या केल्या डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, लॅपटॉपवर कंपनीप्रमाणे एफ१, एफ२, एफ१० असं काहीतरी. कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कधीच कळत नाही.

प्रश्न (अमरावती): ताई नमस्कार. मुलासाठी पीसी असेंबल करून घेतला, रायझन ५ ५६००जी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, ८ जीबीच्या दोन रॅम. रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलंय पण टास्क मॅनेजरमध्ये २४०० दाखवतंय. दुकानदार म्हणतो "ते तसंच असतं". आम्हाला फसवलं का? आणि गेम अडकत अडकत चालतात, बायोसमधून प्रोसेसरचा स्पीड वाढवता येईल का?

उत्तर: फसवलं नाही, कंटाळा केलाय. पाकिटावरचा ३२०० हा आकडा रॅममध्ये एक प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो, ते प्रोफाइल चालू करेपर्यंत बोर्ड रॅमला २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सुरक्षित स्पीडवरच चालवतो. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं ऑप्शन शोधा, एएमडीच्या काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात, नवीन डीडीआर५ वाल्यांत एक्स्पो. प्रोफाइल १ निवडायचं, एफ१० दाबून सेव्ह करायचं, बस. स्क्रीन थोडा वेळ काळी राहील, मशीन एकदोनदा आपोआप बंद-चालू होईल, घाबरू नका, रॅमची तपासणी चालू असते. नंतर सीपीयू-झेड नावाच्या, प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर पुन्हा "अर्धाच स्पीड" म्हणून दुकानात जाऊ नका, डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते म्हणून १६०० म्हणजेच ३२००.

पण मला खरी शंका दुसरीच आहे. कॅबिनेटचं झाकण उघडा आणि रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते बघा. बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही, चार असतील आणि दोन्ही रॅम एकमेकींना चिकटून पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये असतील तर त्या एकाच चॅनलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एकाच रस्त्यावर बसल्यात. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. हे इतकं महत्त्वाचं का, तर ५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्या रॅममधूनच खातं. एका चॅनलवर २४०० म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी, दोन चॅनलवर ३२०० म्हणजे ५१.२ जीबी. अडीच पटीहून जास्त, एक रुपया खर्च न करता. गेमचे फ्रेम अडीच पट होतील असं नाही पण फरक मुलालाच सांगावा लागणार नाही, त्याला दिसेल.

प्रोसेसरच्या घड्याळाला अजिबात हात लावू नका, त्याची गरजच नाहीये. एक्सएमपी लावल्यावर एकदा पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, एकही एरर आली तर स्पीड एक पायरी खाली, २९३३ वर आणा. आणि समजा मशीन उठलंच नाही तर बहुतेक बोर्ड काही वेळा प्रयत्न करून आपणच जुन्या सेटिंगवर येतात, नाहीच आले तर पॉवर काढून बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या.

प्रश्न (डोंबिवली): आमच्या वेळी लॅमिंग्टन रोडवरून सेलेरॉन आणून ३०० चा ४५० करायचो. आता माझ्याकडे कोअर आय५ १२४०० आणि एच६१० चा बोर्ड आहे, बायोसमध्ये मल्टिप्लायर बदलायचं ऑप्शनच सापडत नाही. काही युक्ती?

उत्तर: काका, सेलेरॉन ३००ए चं नाव काढलंत आणि पत्र बाजूला ठेवून आधी दोन जुन्या मित्रांना फोन केला. १९९८ चा तो प्रोसेसर, बस म्हणजे बोर्डाचं मूळ घड्याळ, ते ६६ चं १०० केलं की मल्टिप्लायरच्या साडेचार पटीने सरळ ४५०, दीडपट स्पीड फुकटात. तेव्हा कंपन्या चिप विकताना बरीच जागा शिल्लक ठेवायच्या. आता प्रोसेसर ती जागा स्वतःच वापरतो, तुमचा १२४०० कागदावर २.५ गिगाहर्ट्झचा आहे पण थंड असला आणि वॅट मिळाले की आपणच ४.४ पर्यंत जातो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या स्पीडच्या वर पळवणं) कारखान्यातच होऊन येतं, माणसाला हाताने करायला फार थोडं उरतं.

युक्ती म्हणाल तर नाही. मल्टिप्लायर फक्त के अक्षर असलेल्या प्रोसेसरला आणि झेड सिरीजच्या बोर्डवर उघडा असतो. काही महागड्या बोर्डांवर बस वाढवून नॉन-के प्रोसेसर पळवायचे प्रयोग लोकांनी केलेत पण त्या बोर्डाच्या किमतीत मोठा प्रोसेसरच येतो. एच६१० वर रॅमसुद्धा डीडीआर४ ची ३२०० च्या वर जात नाही, तेव्हा ३६०० ची घेऊन पैसे घालवू नका. तुमच्या हातात एकच उरतं, पॉवर लिमिट, आणि त्याबद्दल पुढच्याच पत्रात सविस्तर आहे. ते वाचून तुमच्या बोर्डाने ११७ वॅटची वरची मर्यादा मोकळी ठेवलीय का ६५ वर अडकवलीय तेवढं बघा.

प्रश्न (चंद्रपूर): ताई, माझं लग्नाच्या व्हिडिओचं काम आहे, सगळी गर्दी एप्रिल-मे मध्येच. कोअर आय७ १२७००, ३२ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड आहे, प्रोसेसरवर बॉक्समधलाच फॅन. एक्स्पोर्ट लावला की सुरुवातीला सव्वाचार साडेचार गिगाहर्ट्झ दाखवतं आणि थोड्या वेळात तीनच्या आसपास येऊन बसतं ते बसतंच. ओळखीच्या मुलाने सांगितलं बायोसमध्ये पॉवर लिमिट अनलिमिटेड कर. करू का?

उत्तर: थांबा. आधी कोण अडवतंय ते शोधा, मग दार उघडायचं. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, सेन्सर्स ओन्ली टिक करून उघडा आणि एक्स्पोर्ट चालू असताना तीन ओळी बघा: सीपीयू पॅकेज तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (गरम झाल्यामुळे स्पीड पाडणं) पुढे येस आहे का नो.

तुमच्या प्रोसेसरला इंटेलने दोन मर्यादा दिल्यात. पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठी १८० वॅट, पीएल१ म्हणजे कायमस्वरूपी ६५ वॅट. काम सुरू झालं की साधारण अर्धा मिनिट तो १८० पर्यंत धावतो, मग बोर्ड त्याला ६५ वर ओढतो. म्हणून जर तापमान सत्तर-पंचाहत्तर आणि पॉवर बरोब्बर ६५ वर चिकटलेली दिसली तर प्रोसेसर गरम नाही, नियम पाळतोय. आणि जर तापमान १०० आणि थ्रॉटलिंग येस दिसलं तर बायोसमध्ये वॅट वाढवून घंटा काही होणार नाही, आधीच जे वॅट मिळतायत तेच फॅनला निभत नाहीयेत.

चंद्रपूरला मे महिन्यात मला तर हा दुसरा, शंभर डिग्रीचा प्रकारच दिसणार असं वाटतंय. खोलीचं तापमान जेवढ्या डिग्रीने वाढतं जवळजवळ तेवढ्याच डिग्रीने प्रोसेसरचं वाढतं, जानेवारीत २५ च्या खोलीत ८५ वर चालणारं मशीन ४२ च्या खोलीत शंभरी गाठणार हे साधं गणित आहे. बॉक्समधला फॅन ६५ वॅटसाठी ठीक, त्याच्यावर १०० टाकायचे नाहीत. तेव्हा क्रम असा: आधी चार हीटपाइपवाला टॉवर कूलर, पेस्ट नवीन, कॅबिनेटला पुढे एक आणि मागे एक फॅन, ब्लोअरने धूळ काढा. बायोसमध्ये फॅन प्रोफाइल सायलेंट असेल तर स्टँडर्ड किंवा टर्बो करा. डेझर्ट कूलरचा झोत मात्र सरळ कॅबिनेटवर नको, ती ओली हवा बोर्डला सोसत नाही.

मग पॉवर. लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट ६५ चं ९० करा, एक पूर्ण एक्स्पोर्ट बघा, तापमान नव्वदच्या आत राहिलं तर ११०, मग १२५. त्याच्या पुढे फायदा पातळ होत जातो आणि वीज मात्र जाड होते. काही बोर्ड पहिल्यांदा कूलर कुठला असं विचारतात आणि वॉटर कूलर निवडलं की लिमिट ४०९६ वॅट करून टाकतात, तुमच्या ओळखीच्या मुलाचं अनलिमिटेड म्हणजे बहुतेक हेच. स्वस्त बोर्डावर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंकसुद्धा नसतो, तिथे तासन्‌तास १८० वॅट ओढले तर आधी तो भाग तापून स्पीड पाडतो आणि तुम्ही प्रोसेसरला शिव्या घालत बसता.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते, कारण याचा फायदा वरच्या सगळ्याहून मोठा असू शकतो. ग्राफिक कार्ड लावलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स बंद करतात. तुमचा प्रोसेसर १२७०० एफ (एफ म्हणजे आत ग्राफिक्स नसलेला) नसून साधा १२७०० असेल तर बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू करा, मॉनिटर आहे तिथेच राहू द्या, विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. नवीन कॅमेऱ्यांची एच.२६५ ची १० बिट ४:२:२ फाइल टाइमलाइनवर अडखळते ना, ती उलगडायचं काम याच ग्राफिक्समधलं इंटेलचं क्विक सिंक हार्डवेअरमध्येच करतं, बऱ्याच ग्राफिक कार्डांना ते जमत नाही. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसच्या मीडिया पानावर हार्डवेअर डिकोडिंगमध्ये इंटेल टिक आहे का बघा.

प्रश्न (ठाणे): कोअर आय९ १३९००के सेकंडहँड चांगल्या किमतीत मिळतोय. १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात असं ऐकलंय. बायोसमधून सेटिंग करून वापरता येईल का? घेताना काय बघू?

उत्तर: जे ऐकलंत ते खरं आहे आणि इंटेलने स्वतः मान्य केलेलं आहे. १३व्या-१४व्या पिढीचे ६५ वॅट आणि वरचे डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, त्यात बोर्ड कंपन्यांनी पॉवर लिमिट सरसकट सैल सोडलेली, त्यामुळे आतलं सर्किट हळूहळू झिजत गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ नावाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्राम) आला ज्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी अडवली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ. हे सगळे बायोस अपडेटमधून येतात. इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, बॉक्सवाल्या प्रोसेसरला तीनची पाच झाली.

ग्यानबाची मेख अशी की मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून सेकंडहँडमध्ये तो प्रोसेसर आधीच्या मालकाकडे किती तापला हे तुम्हाला कळलं पाहिजे आणि मालक काही सांगणार नाही. त्याच्या मशीनवरच तपासा. पहिलं काम, बायोसमध्ये जाऊन लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स करा आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग निवडा, म्हणजे २५३ वॅट आणि ३०७ अँपिअर. हे आधी का, तर झिजलेला प्रोसेसर स्पीड दोनतीनशे मेगाहर्ट्झने कमी करून ठेवला की छान स्थिर चालतो आणि विकायला येतो. मग सेव्हन-झिपने एक मोठी फाइल पाचसहा वेळा उघडा, सिनेबेंच ही प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी चालवा, एखादा अनरिअल इंजिनवाला गेम सुरू करून शेडर (गेमच्या चित्रांची सुरुवातीची तयारी) तयार होऊ द्या. सीआरसी एरर (फाइल नीट उलगडली नाही असा मेसेज) आली, किंवा २४ जीबीच्या ग्राफिक कार्डवर "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा मेसेज आला तर कार्डाचा दोष समजू नका, ते या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. पैसे खिशात ठेवा आणि घरी या.

सगळं पास झालं तर सीरियल नंबर इंटेलच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते बघून मगच घ्या. घेतल्यावर डिफॉल्ट सेटिंगवरच वापरा. तरी मला विचाराल तर या किमतीत मी साधा नवीन आय५ घेऊन शांत झोपेन.

प्रश्न (कोल्हापूर): मॅडम, मी शिक्षक आहे. लॅपटॉपचा चार्जर जळाला म्हणून बाजारातून दुसरा घेतला. तेव्हापासून लॅपटॉप इतका स्लो झालाय की वर्ड उघडायला वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ०.७९ च्या वर जातच नाही. फॉरमॅट करून झालं, उपयोग नाही. बायोसमध्ये काही असेल का?

उत्तर: सर, उत्तर तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. काही ब्रँडेड लॅपटॉपच्या चार्जरच्या पिनेत मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला आपली ओळख आणि वॅट सांगतो. डुप्लिकेट चार्जरमध्ये ती ओळख नसते किंवा चुकीची असते, मग लॅपटॉप घाबरून प्रोसेसरला सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकतो. बायोस उघडा, पहिल्या माहितीच्या पानावर किंवा बॅटरीच्या पानावर अडॅप्टरची ओळ असेल, तिथे ६५ वॅट ऐवजी अननोन दिसलं की खेळ खल्लास. अजून एक परीक्षा, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, स्पीड झपकन परत आला तर शंभर टक्के तेच. कंपनीचा चार्जर घ्या, फॉरमॅट करायची गरज नव्हती.

नेटवर तुम्हाला थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधली बीडी प्रॉकहॉटची (बोर्ड प्रोसेसरला स्पीड पाड म्हणून देतो तो सिग्नल) टिक काढा असा सल्ला मिळेल, त्याने स्पीड येतोही. पण तोच सिग्नल बोर्ड गरम झाला की धोक्याची घंटा म्हणून वापरला जातो, तो कायमचा कापून टाकणं मला पटत नाही. चार्जर येईपर्यंत पेपर तपासायला दोन दिवस वापरा हवं तर.

लॅपटॉपची आणखी पत्रं आहेत म्हणून एकत्र सांगते: लॅपटॉपच्या बायोसमध्ये अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायची सोय) सापडत नाही असं बरेच जण विचारतायत. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली फट उघड झाली, सॉफ्टवेअरने व्होल्टेज खाली आणून इंटेलच्या प्रोसेसरमधली गुपितं काढता येत होती, त्यानंतर कंपन्यांनी बायोस अपडेट देऊन ती सोय कुलूपबंद केली. काही गेमिंग लॅपटॉपवर ती परत मिळते, ऑफिसच्या लॅपटॉपवर विसरा.

प्रश्न (सांगली): ताई मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रायझन ७ ७७००एक्स घेतलाय, सिनेबेंच लावला की ९५ डिग्री. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर चालू करू का? एका व्हिडिओत उणे ३० लावायला सांगितलंय. आणि एक्स्पो लावल्याने प्रोसेसर जळतो का?

उत्तर: अरे, ९५ बघून घाबरू नकोस, ७००० सिरीज मुद्दामच तशी बनवलीय, पूर्ण लोडवर ती ९५ पर्यंत जाते आणि तिथे थांबून जेवढा स्पीड झेपेल तेवढा काढते. कूलर मोठा लावलास तरी आकडा ९५ च्या जवळच राहील, स्पीड थोडा वाढेल. हॉस्टेलच्या खोलीत ते नको असेल तर इको मोड लाव. ६५ वॅटचा इको मोड म्हणजे सॉकेटला १४२ ऐवजी ८८ वॅट, गेममध्ये फरक जाणवणारही नाही, रेंडरमध्ये थोडा पडेल, आणि फॅनचा आवाज एकदम खाली येईल. मी तरी तुझ्या जागी इकोच लावला असता.

पीबीओ म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ देणारी एएमडीची सोय, कर्व्ह ऑप्टिमायझर हा तिचाच भाग, आणि तो मात्र शिकण्यासारखी गोष्ट आहे. प्रोसेसर प्रत्येक स्पीडला किती व्होल्टेज मागतो त्याचा एक आलेख कारखान्यात ठरवलेला असतो, तू उणे १० लावलंस की तो पूर्ण आलेख थोडा खाली सरकतो, एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज कमी, गरमी कमी, म्हणून त्याच वॅटमध्ये स्पीड जास्त. उणे ३० प्रत्येकाला झेपत नाही कारण चिपागणिक आणि एकाच चिपमधल्या कोअरागणिक कुवत वेगळी असते, आणि सगळ्यात चांगले कोअरच आधी मान टाकतात कारण त्यांना कारखान्यातच काटकसरीने व्होल्टेज दिलेलं असतं. ऑल कोअर उणे १० पासून सुरू कर, आठवडाभर वापर, मग १५, मग २०. गंमत म्हणजे याची अस्थिरता पूर्ण लोडवर दिसत नाही, सिनेबेंच तासभर चालेल आणि नंतर तू नुसता ब्राउझर उघडून बसलेला असताना मशीन रिस्टार्ट होईल, कारण एकदोन कोअर सगळ्यात वरच्या स्पीडला तेव्हाच जातात. म्हणून कोअरसायक्लर रात्रभर चालव, तो एकेक कोअर वेगळा तपासतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) ओळी दिसल्या तर ५ ने मागे ये.

जळण्याचं म्हणशील तर २०२३ मध्ये ७८००एक्स३डी सारखे प्रोसेसर काही बोर्डांवर खरोखर जळाले होते. एक्स्पो लावल्यावर बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) भलतंच वाढवत होते. एएमडीने ते १.३ व्होल्टवर अडवलं आणि त्याप्रमाणे नवीन बायोस आले, तेव्हा आधी बायोस नवीन कर, मग एक्स्पो लाव, मग एसओसी व्होल्टेज १.३ च्या आत आहे ना ते एकदा डोळ्यांनी बघ. डीडीआर५ ची पहिली ट्रेनिंग, म्हणजे रॅमची तपासणी, कधीकधी काही मिनिटं चालते, त्या काळ्या स्क्रीनकडे बघत पॉवर बटण दाबू नकोस. आणि हो, एक्स्पो काय पीबीओ काय, दोन्ही एएमडीच्या हिशोबात ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

प्रश्न (नाशिक): आमचं सीए ऑफिस आहे. एका पीसीवर बायोस अपडेट केला तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. आमच्याकडे अशी कुठलीच की नाही! डेटा गेला का? आणि बाकीच्या पीसींवर अपडेट करावा का, स्पीड वाढतो म्हणतात.

उत्तर: डेटा आहे तिथेच आहे, कुलूपात आहे. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की न विचारता डिस्क एन्क्रिप्ट करतं, किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या चिपमध्ये असते आणि बायोस बदलला की टीपीएमला वाटतं मशीन बदललं. ज्या अकाउंटने हा पीसी पहिल्यांदा सेटअप झाला त्याने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की सापडेल. तिथे नसेल तर पीसी लावून देणाऱ्या मुलाला फोन करा, बऱ्याचदा सेटअपच्या वेळी त्याने स्वतःचाच मेल आयडी टाकलेला असतो आणि ऑफिसची किल्ली त्याच्या खात्यात पडलेली असते. तोपर्यंत कुणी फॉरमॅट करून देतो म्हणालं तर हात लावू देऊ नका.

बाकीच्या पीसींवर आधी बिटलॉकर (विंडोजचं हेच डिस्कचं कुलूप) सस्पेंड करा, की प्रिंट काढून फाइलला लावा, मगच अपडेट. फाइल बोर्ड कंपनीच्या साइटवरूनच, मॉडेल आणि रिव्हिजन नंबर जुळवून. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसवर करा, घरगुती इन्व्हर्टर चालेल पण तो यूपीएस मोडवर आहे ना ते बघा, नाहीतर लाइट गेल्यावर स्विच व्हायच्या त्या क्षणात पीसी बंद पडतो आणि अपडेट अर्धवट राहतो. अपडेटनंतर एक्सएमपीसकट सगळी सेटिंग डिफॉल्ट होतात, ती फोटो बघून परत लावा, आणि त्यात स्टोरेजचा मोड पहिल्यासारखाच ठेवा. एएचसीआय, रेड, व्हीएमडी यात अदलाबदल झाली तर विंडोज सुरूच होणार नाही.

स्पीडसाठी म्हणाल तर बहुतेक वेळा काहीच वाढत नाही. अपवाद असतात, २०२२ मध्ये रायझनच्या मशीनवर एफटीपीएममुळे (प्रोसेसरमध्येच असलेला टीपीएम) मधूनच सेकंदभर सगळं थिजायचं, ते बायोस अपडेटनेच गेलं. तुमच्या टॅली आणि एक्सेलवाल्या पीसींवर असं काही होत नसेल तर चालू गाडीला खीळ कशाला.

प्रश्न (रत्नागिरी): एक्सएमपी लावलं की दोन दिवस टिकतं, रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी परत २१३३. तारीखही मागे जाते.

उत्तर: तारीख मागे जाते म्हणजे बोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, घड्याळजीकडेसुद्धा मिळतो. पीसी बंद, वायर काढलेली, जुना सेल बाजूच्या क्लिपला नखाने दाबून वर येतो, नवीन टाकताना अधिकची खूण वर. मग तारीख लावा, एक्सएमपी लावा. नवीन सेल टाकूनही पुसलं गेलं तर क्लिअर सीमॉसच्या पिनांवर जंपर चुकीचा राहिलाय का बघा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर माझ्या रायझनवर रांगतो, मित्राच्या जुन्या आय५ वर मस्त चालतो. प्रोसेसर कमजोर आहे का?

उत्तर: प्रोसेसर ठीक आहे, एसव्हीएम बंद असेल, म्हणजे एका पीसीत दुसरं मशीन पळवायची (व्हर्च्युअलायझेशन) एएमडीची सोय. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक करा, उजवीकडे खाली व्हर्च्युअलायझेशन डिसेबल्ड दिसेल. बायोसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, मग सीपीयू कॉन्फिगरेशन, तिथे एसव्हीएम मोड एनेबल करा, काही बोर्डांवर ते ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडवलेलं असतं. इंटेलवर याचंच नाव व्हीटी-एक्स किंवा नुसतं व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी. मग विंडोज फीचर्समध्ये विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म टिक करून एकदा रिस्टार्ट करा. डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स) आणि डॉकरवाल्यांनीसुद्धा एसव्हीएम चालू करा, टिक मात्र व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मला करा.